देवास गेटचा ग्रीक जावई

शिलाई मशीनखाली कतरन साचते ती कुणी साचवत नाही. दिवसभर कात्री चालते, आणि संध्याकाळी झाडू घेऊन वाकलं की ढीग झालेला असतो. यानीचे किस्से माझ्याकडे तसेच साचलेत. तो मागच्या साली गेला. आता आमच्या उज्जैनच्या देवास गेटला कुणी जुनं माणूस भेटलं की म्हणतं, "मास्टर, त्याचं काहीतरी सांगा ना."

मी टेलर. शाळा मला लाभली नाही, तेव्हा जसं बोलतो तसंच लिहितोय, सावकाश वाचा. माझं मशीन यानीच्या किराणा दुकानाच्या ओट्यावर. यानी ग्रीस देशाचा. जवानीत मित्रांबरोबर हिंदुस्थान बघायला निघाला, उज्जैनपर्यंत आला आणि कावीळ होऊन सरकारी दवाखान्यात पडला. मित्र पुढे निघून गेले. वॉर्डात नर्स होती आमच्या मोहल्ल्यातली कुसुम. कावीळ गेली, यानी काही गेला नाही.

कुसुम आप्पांची एकुलती एक मुलगी. आप्पा म्हणजे जुन्या वळणाचा माणूस, सोवळं-ओवळं पाळणारा. लग्न कचेरीत झालं. आप्पांनी मुलीला तोडलं नाही, हे खरं. सणावाराला कुसुम माहेरी जायची, यायची. फक्त जावयाला बोलावणं नाही. त्यांचं घर समोरच्या गल्लीत, आणि बाजाराला जाताना आमचं दुकान आलं की ते रस्ता ओलांडून पलीकडून चालायचे.

आता आपल्यात तीन वर्षांनी धोंड्याचा महिना येतो. जावयाला घरी बोलवायचं, पाटावर बसवायचं, जेवू घालायचं, अनारशांचं वाण द्यायचं. त्या महिन्यात माझ्याकडे जावयांच्या कुर्त्यांची लाइन लागते. यानी गल्ल्यावर बसून बघत राहायचा. कुसुमनं एकदा त्याला ही रीत समजावून सांगितली, आणि तेव्हापासून त्या माणसाचं एकच मागणं. दुकान मोठं नको, मोटार नको. आप्पांच्या घरचं धोंड्याचं बोलावणं पाहिजे.

*

सुरुवातीला दुकान चालता चालता बंद पडणार होतं, ते मानेपायी. त्यांच्या देशात 'नाही' म्हणायचं तर हनुवटी वर उचलतात आणि भुवया चढवतात. झालं, शब्द वापरत नाहीत. आपल्याकडे असं केलं की समोरच्याला वाटतं, हा विचारतोय, 'काय?'

गल्लीतल्या जोशीकाकू आल्या. बेसन आहे का म्हणाल्या. यानीनं हनुवटी वर केली. काकूंनी जोरात विचारलं. हनुवटी आणखी वर. मग काकूंनी हवेत पीठ कालवलं, कढई ठेवली, भजी सोडली, तळून काढली. तोपर्यंत यानी पार छताकडे बघत होता.

काकू माझ्याकडे वळून हळूच म्हणाल्या, "मास्टर, बिचारा ठार बहिरा आहे हो. कुसुमनं सांगितलं नाही कुणाला."

मग कुसुमनं त्याला आपल्यासारखी मान डोलवायला शिकवलं. इतकं पक्कं शिकला, की पुढे आई वारली म्हणून तो ग्रीसला गेला, आणि वापस येऊन मला सांगतो, "मास्टर, तिथं बोलताना मान डोलावली. भाऊ मला डॉक्टरकडे घेऊन गेला."

*

आप्पांच्या पुतणीचं लग्न होतं. पुतणीनं हट्टानं यानीला बोलावलं. कार्यालयात एका टोकाला आप्पा, दुसऱ्या टोकाला यानी, मधे सगळी पंगत. मी दोघांच्या बरोबर मधोमध जेवत होतो.

आहेर द्यायला यानी स्टेजवर गेला. नवरी खरंच सुंदर दिसत होती. हा म्हणाला, "बहुत सुंदर", आणि तिच्या दिशेनं तीनदा थुंकला. म्हणजे कोरडंच, नुसतं थू, थू, थू. त्यांच्याकडे कौतुक केलं की लगेच असं करायची रीत आहे.

नवरदेवाचे काका बाह्या सरसावून उठले. आप्पांनी घास ताटातच सोडला आणि डोळे मिटून घेतले. कुसुम म्हणते, त्या क्षणी तिला वाटलं की आता माहेरही गेलं.

तेवढ्यात नवरदेवाची धारहून आलेली आजी काठी टेकत पुढे आली. काकाला म्हणाली, "बस खाली. सकाळपासून एवढे लोक पोरीला बघून गेले, नजर उतरवायचं एकाला तरी सुचलं का? याला सुचलं." मग आप्पांकडे वळली. "जावई तुमचे ना? चांगले संस्कार आहेत."

आप्पांनी डोळे उघडले आणि मठ्ठा मागितला.

*

नवीन साल लागलं की यानी केक करायचा आणि त्यात एक नाणं टाकायचा. ज्याच्या तुकड्यात नाणं निघेल त्याचं साल चांगलं. ओट्यावर सगळ्यांना वाटायचा, ऑटोवाल्यांनाही. एक तुकडा आप्पांच्या घरी. आप्पांसाठी म्हणून सबंध केकच बिनअंड्याचा व्हायचा. तरी आप्पा काही खायचे नाहीत. अन्नाला नाही म्हणू नये, म्हणून घ्यायचे आणि दारात येणाऱ्या गाईला घालायचे.

एका साली आम्ही सगळ्यांनी खाल्लं, कुणाच्याच दाताखाली नाणं आलं नाही. एकेकाचं तोंड बघता बघता यानीच्या लक्षात आलं आणि तो पांढरा पडला. नाणं गाईच्या पोटात.

दुकान कुसुमवर टाकून हा गाईच्या मागे. ती बसली की हा बसला. ती सब्जी मंडीत गेली की हा सब्जी मंडीत. केळी चारतोय, पाणी पाजतोय, मागून वाकून बघतोय. जनावराचा डॉक्टर म्हणाला, काही होत नाही, घरी जा. हा जाईना. आप्पा गॅलरीतून हे सगळं बघत होते.

संध्याकाळी त्यांनी कुसुमला बोलावून विचारलं, "हा गोसेवा कधीपासून करायला लागला?"

कुसुम म्हणाली, "नवीन सालापासून."

नाणं दुसऱ्या दिवशी निघालं, सुखरूप. गाय पुढे खूप वर्षं जगली. यानी म्हणायचा, साल तिचंच होतं.

*

सिंहस्थाच्या वेळचं तर सगळ्यांना पाठ आहे. उन्हाळा, लाइट गेलेली. यानी उघड्या अंगानं, लुंगी लावून गव्हाच्या पोत्यावर बसलेला. तोवर दाढी पांढरी होऊन छातीवर आली होती. बस स्टँडवर यात्रेकरूंची बस रिकामी झाली आणि पहिल्याच बाईनं त्याला बघून जोडे काढले. मग काय, लाइनच लागली. 'विदेशी बाबा' म्हणून नारळ यायला लागले. नारळ आमच्याच दुकानातून घेत होते.

एक म्हातारी बाई पाया पडून उठेचना. सुनेशी जमत नाही, म्हणाली, आशीर्वाद द्या. यानीनं तिला हाताला धरून उठवलं, स्वतः पोत्यावरून खाली उतरला आणि तिच्या पायांशी वाकला.

"माताजी, मेरा ससुर मुझे घर नहीं बुलाता. पहले आप आशीर्वाद दो."

बाई डोळे पुसत निघून गेली. पलीकडच्या फुटपाथवर आप्पा उभे होते. थैली हातात, ऊन डोक्यावर. किती वेळ उभे होते, मला माहीत नाही.

*

यानीची मुलगी इरा. तिचं लग्न नानाखेड्याच्या एका बँकेतल्या पोराशी झालं. साधा, अबोल पोरगा. लग्नाला महिना होत नाही तोच यानीनं त्याला धोंड्याला बोलावलं. पाट, रांगोळी, वाण, सगळं. पुढच्या महिन्यात पुन्हा. त्याच्या पुढच्या महिन्यात पुन्हा.

पोरगा पँट ढिली करून घ्यायला माझ्याकडे यायचा. शेवटी एकदा अगदी रडवेला झाला. म्हणाला, मास्टरकाका, तुम्ही सांगा ना त्यांना, हे तीन वर्षांनी एकदा करायचं असतं. माझ्याच्यानं आता अनारसा बघवत नाही.

मी यानीला समजावलं, की बाबा, रीत अशी नाही. त्यानं ऐकून घेतलं, मग डाळ निवडता निवडता म्हणाला, "रीत मला माहीत आहे, मास्टर. पण वाट बघायला काय असतं तेही माहीत आहे. त्या पोराला कशाला बघायला लावू?"

हे बोलणं मी कुठे नेलं नाही. पण इरा तेव्हा आतल्या पडद्यामागेच होती. आजोबाचा नातीवर जीव, आणि ती सगळं आजोबाला जाऊन सांगायची.

*

त्याच्यानंतर जो धोंड्याचा महिना आला, त्यातली ही गोष्ट. दुपार होती. आप्पा आता खूपच थकले होते, काठी घेऊन चालायचे. ते गल्लीतून बाहेर आले. नेहमीसारखे पलीकडून जातील म्हणून आम्ही बघितलंही नाही. काठी आमच्या ओट्याला लागली तेव्हा मान वर केली. माझा पाय मशीनवरच थांबला.

यानी उठून उभा राहिला. आप्पांनी त्याच्याकडे बघितलं नाही. इतर कुठल्याही दुकानात सांगावं तसं सामान सांगितलं. जुना तांदूळ, गूळ, साजूक तूप, खसखस. यानी एकेक काढत गेला. पुडी बांधली की सुटत होती. कुसुम आतल्या पडद्यापाशी येऊन उभी राहिली.

यानीनं खसखस हातावर घेतली, वास घेतला आणि वापस डब्यात टाकली.

"आप्पा, ही नका नेऊ. जुनी आहे. जावई नाव ठेवेल."

आप्पांनी पहिल्यांदा वर बघितलं. "नाव ठेवायला त्यानं यायला तर पाहिजे. विचार त्याला, येतो का."

यानीनं काही विचारलं नाही. गल्ला उघडा, तराजूत गूळ तसाच. त्यानं थैली उचलली, पायात एक स्वतःची आणि एक माझी चप्पल घातली आणि ओटा उतरून आप्पांच्या बाजूला जाऊन उभा राहिला.

कुसुम पडद्याबाहेर आली. "अहो, आज कुठे निघालात? अजून तांदूळ भिजायचेत. अनारशाचं पीठ मुरायला दिवस लागतात."

यानी मागे न बघता म्हणाला, "मुरू दे. मी तिथंच बसतो."