बाईंच्या कामाचं पुस्तक

कुठलंही डिझाइन छापायला सोडण्याआधी बाई त्याचा एक कागद काढायच्या आणि तो उलटा धरायच्या. अक्षरं सगळी खाली डोकं वर पाय. हात लांब करून, डोळे बारीक करून त्या मिनिटभर बघत राहायच्या. नवीन गिऱ्हाईक असलं की ते गडबडायचं. एकदा नागभीडकडचे एक गुरुजी वाकून माझ्या कानाशी म्हणाले, "बाईले वाचता येते ना जी?"

बाईंनी ते ऐकलं. कागद खाली न घेता म्हणाल्या, "गुरुजी, सुलटा धरला की माणूस वाचत बसते. उलटा धरला की पाहते."

मूल गावातल्या त्या छापखान्यात आम्ही दोघं सहा वर्षं शेजारी शेजारी बसलो. दोन कॉम्प्युटर, मधे एक लाकडी रॅक, मागे मशीनची खडखड. धान निघायच्या दिवसांत समोरच्या राइस मिलचा कोंडा उडत उडत आमच्या कीबोर्डवर येऊन बसायचा. मालकांपासून चहावाल्यापर्यंत सगळे त्यांना बाईच म्हणायचे. नवरा घुग्घुसला कोळसा खाणीत होता, तो आजारपणात गेला. तीन वर्षांची मुलगी घेऊन त्या मूलला वडिलांकडे परत आल्या, तीन महिन्यांच्या क्लासमध्ये कॉम्प्युटर शिकल्या आणि छापखान्यात बसल्या. शिक्षण बारावी.

मी नागपूरहून कलेचा डिप्लोमा घेऊन आलेलो. तो माझ्या चालण्यातही दिसत असणार. पहिल्याच आठवड्यात मी एक लग्नपत्रिका केली. बौद्ध कुटुंबातलं लग्न होतं. वर बुद्धाचं चित्र, खाली सोनेरी वेलबुट्टी, चारी कोपऱ्यांत कमळं, मधे जागा सापडली तिथे नवरानवरीची नावं. बाईंनी कागद उलटा धरला आणि विचारलं, "बाबू, लग्न या फुलायचं आहे का?"

मग त्यांनी खुर्ची ओढून माझ्या माउसवर हात ठेवला. कमळं गेली, वेलबुट्टी गेली. दोन नावं मोठी झाली आणि त्यांच्याभोवती चांगली मोकळी जागा आली. "जागा सोडत जा," त्या म्हणाल्या. "पाव्हणा आला तर बसंन कुठी?"

तुम्ही चौकाचौकांत वाढदिवसाचे फलक पाहिले असतील. एक उमदे नेते स्वतःचा तसा फलक करून घ्यायला आमच्याकडे आले, शुभेच्छुकांच्या तीस-पस्तीस फोटोंसकट. एकही फोटो कमी करायला ते तयार नव्हते. बाईंनी सगळे बसवले, पडदा त्यांच्याकडे वळवला आणि शांतपणे म्हणाल्या, वाढदिवस कोणाचा आहे ते बोट ठेवून दाखवा. त्यांना स्वतःलाच स्वतःचा फोटो शोधायला वेळ लागला. दुसऱ्या दिवशी आठ फोटो घेऊन आले.

पण श्रद्धांजलीचं काम आलं की बाई वेगळ्या व्हायच्या. आधी खुर्ची द्यायच्या, पाणी द्यायच्या. लोक घाईत आधार कार्डावरचा फोटो आणायचे. बाई तो परत करायच्या आणि दुसरा शोधायला सांगायच्या, एखाद्या लग्नातला, शेतावरचा, हसतानाचा. एकदा एका म्हाताऱ्या बापाचा फोटो लग्नातल्या अशाच एका घोळक्यातून कापून काढायचा होता. त्याच्या खांद्यावर कुणाचा तरी हात होता, फक्त पंजा. मी तो पुसायला घेतला. बाईंनी थांबवलं.

"राहू दे. कोणाचा तरी हात आहे तो."

फलक तसाच लागला. त्या घरचे लोक नंतर येऊन सांगून गेले की तो हात म्हाताऱ्याच्या धाकट्या भावाचा होता, आणि तो भाऊ फलकापुढे बराच वेळ उभा होता.

आता पोत्याचं सांगतो. ते सांगायला मला अजूनही जड जातं.

एका मिलवाल्यांना तांदळाच्या पोत्यावर देवीचं चित्र हवं होतं. बाई म्हणाल्या, पोतं रिकामं झालं की लोक त्याचं पायपुसणं करतात, मग देवीवर पाय पडेल. मिलवाले विचारात पडले. बाईंनी फुकट गेलेल्या एका पत्रिकेच्या पाठीवर पेन्सिलीनं बांधावर एका पायावर उभा असलेला बगळा काढला. तीन-चार रेषाच असतील, पण बगळा असा, की आता पाय बदलेल. मी तो कॉम्प्युटरवर उतरवला, रंग भरले. पोतं गाजलं. मिलवाले पेढे घेऊन आले तेव्हा बाई मुलीच्या परीक्षेसाठी रजेवर होत्या. मिलवाल्यांनी माझी पाठ थोपटली आणि मी थोपटून घेतली. पुढे मी इंटरनेटवर माझ्या कामांचा पोर्टफोलिओ केला, तेव्हा पहिल्याच पानावर तो बगळा ठेवला. खाली माझं नाव.

बाईंना हे ठाऊक नाही, असं मी धरून चाललो होतो.

मग एक दिवस मालकांनी दोघांना समोर बसवून सांगितलं की लोक आता मोबाईलवरच पत्रिका करून आणतात, नुसतं छापून द्या म्हणतात. दिवाळीनंतर कॉम्प्युटरवर एकच माणूस ठेवता येईल. कोण, ते त्यांनी सांगितलं नाही. आम्हीही विचारलं नाही.

पंधरा दिवसांनी बाईंनी माझ्यापुढे एक कागद ठेवला. गडचिरोलीकडे, जंगलातल्या गावांमधल्या बायकांसोबत काम करणारी एक संस्था होती. मध, मोह, हिरडा, चिंच असं त्या बायका गोळा करून विकायच्या. पाकिटं आणि लेबलं करायला, आणि बायकांना ती शिकवायला, संस्थेला माणूस हवं होतं. शिक्षणाची अट नव्हती. स्वतःचा पोर्टफोलिओ मात्र आणायचा होता. बाईंचं बोट त्या शब्दावर होतं.

"हे का राह्यते?"

मी सांगितलं, आपल्या निवडक कामांचं पुस्तक. ते चाळून समोरच्याला आपण कसं काम करतो, कसा विचार करतो ते कळलं पाहिजे. बाई म्हणाल्या, वडील राहिले नाहीत, मुलगी आता नर्सिंगला नागपूरला गेली, घरात मी एकटी, जमलं तर जाईन. मग म्हणाल्या, "पण माह्यं काम आहे कुठी?"

खरंच नव्हतं. जुना कॉम्प्युटर दोनदा बिघडला होता, त्यात सगळं गेलं होतं. अठरा वर्षांचं काम लोकांच्या घरांत, दुकानांवर, भिंतींवर होतं. आमच्याकडे काहीच नव्हतं.

म्हणून आम्ही ते शोधायला निघालो. रविवारी सकाळी माझ्या मोटरसायकलवर, बाई मागे पिशवी घेऊन. नागभीडला एका घरी मुलीच्या लग्नाची पत्रिका मिळाली. आईनं ती लग्नाच्या साडीच्या घडीत, ट्रंकेत ठेवली होती. ती हातात द्यायला त्या तयार नव्हत्या. शेवटी त्यांनीच दोन्ही हातांनी धरली आणि मी फोटो काढला. फोटोत त्यांची बोटं आली. मी कापतो म्हणालो, तर बाई म्हणाल्या, नको. दुपारचं जेवण तिथंच झालं.

घुग्घुसला खाणीच्या फाटकाजवळ एक चहाची टपरी होती. शिफ्ट सुटली की मोटरसायकली तिथे थव्यानं उतरायच्या. टपरीवरची पाटी बाईंची. पाटी कसली, कोळशाच्या धुळीचा काळा पत्रा झाला होता. बाईंनी पाणी मागून पदरानं ती पुसली. वाफेचा कप दिसायला लागला. टपरीवाले भाऊ कौतुकानं सांगू लागले की ही पाटी नागपूरच्या मोठ्या कलाकारानं केलेली आहे, साधं काम नव्हे. मी तोंड उघडणार तोच बाईंनी माझं कोपर दाबलं. परतताना मागून म्हणाल्या, "त्याले नागपूरचं वाटते तर वाटू दे. च्या तर चांगला खपते ना."

मी गाडी चालवत होतो. माझं तोंड त्यांना दिसत नव्हतं, ते बरं झालं.

फोटो जमले आणि मी मांडणीला बसलो. इथे माझा डिप्लोमा पुन्हा जागा झाला. काळी पानं, वर इंग्रजी अक्षरं, बाईंचं नाव तिरकं. बाई म्हणाल्या, "पुस्तक घुग्घुसले ठेवलं होतं का आठ दिवस?" पानं पांढरी झाली, नाव सरळ झालं, मराठीत आलं. मग क्रमाचा वाद. मी वर्षाप्रमाणे लावत होतो. बाईंनी सगळ्या पानांच्या प्रती काढायला लावल्या, छापखान्याच्या फरशीवर पसरल्या आणि चपला काढून त्यांच्यामधून फिरत राहिल्या. एक उचल, दुसऱ्या जागी ठेव, मागे होऊन बघ. बाळाच्या नामकरणाचं कार्ड आधी. मग शाळेचं गॅदरिंग, मग लग्न, मग दुकान, मग नवं घर. शेवटी श्रद्धांजली. लोक ज्या क्रमानं आपल्या दारात येतात त्याच क्रमानं, असं त्यांचं म्हणणं. खांद्यावर हात असलेल्या त्या फलकानंतर त्यांनी एक पान कोरं ठेवलं. तिथे माणूस थोडा थांबला पाहिजे, म्हणाल्या.

त्या सगळ्या पानांत बगळा नव्हता. माझ्या ते पहिल्याच दिवशी लक्षात आलं होतं. तीन दिवस मी गप्प बसलो. चौथ्या दिवशी राहवेना.

"बाई, पोतं राहिलं."

त्या फरशीवर वाकल्या होत्या, मान वर केली नाही. "राहू दे."

"तुमचं सगळ्यात चांगलं काम आहे ते."

तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "ते तुह्या पुस्तकात आहे ना, बाबू."

मुलीनं त्यांना मोबाईलवर दाखवलं होतं, दोन वर्षांपूर्वी. दोन वर्षं त्या माझ्या शेजारी बसल्या होत्या, डब्यातली भाजी देत होत्या, माझ्या चुका दुरुस्त करत होत्या.

"एकच काम दोघायच्या पुस्तकात दिसलं तर लोक तुलेच विचारतीन," त्या म्हणाल्या. "माह्यं का आहे, मले कोण ओळखते? तुले अजून लय वर्षं काम करायचं आहे."

आवाजात राग नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं.

मी माझ्या टेबलाचा खण उघडला. तळाशी ती फुकट गेलेली पत्रिका होती, पाठीवर पेन्सिलीचा बगळा. मी तो कागद का जपून ठेवला होता, ते मला आजही नीट सांगता येत नाही. तो मी फरशीवर, त्यांच्या पानांच्या मधे ठेवला.

"हे तू फेकलं नाई?" त्या म्हणाल्या आणि कागद मांडीवर घेऊन तिथेच खाली बसल्या. मी माफी मागितली. त्यांनी मान हलवली, एवढंच.

त्यांच्यासमोरच मी माझ्या पोर्टफोलिओतलं ते पान काढून टाकलं. नागपूरच्या एका ऑफिसनं ते पान पाहून मला भेटायला बोलावलं होतं. त्यांना लिहून कळवलं की तो बगळा माझा नाही, माझ्या सोबतच्या बाईंचा आहे. त्यांचं दोन ओळींचं उत्तर आलं, पुढे कळवू म्हणून. त्यांनी कळवलं नाही. बाईंच्या पुस्तकात दुकान आणि नवं घर यांच्यामधे बगळा आला. डाव्या पानावर पेन्सिलीचा, उजव्या पानावर पोत्यावरचा.

मुलाखतीला त्या पहाटेच्या गाडीनं गेल्या, पुस्तक उशीच्या अभ्र्यात घालून. संध्याकाळी येऊन सांगितलं की समोर तिघं होते. त्यातली एक गावातलीच बाई, अक्षरओळख नसलेली. तिनंच पुस्तक सगळ्यात जास्त वेळ पाहिलं. बगळ्यापाशी थांबून तिनं विचारलं, पक्षी काऊन? बाईंनी देवीचं आणि पायपुसण्याचं सांगितलं. ती हसली आणि म्हणाली की आमची पाकिटंही शेवटी अंगणातच पडतात. मग दोघी बराच वेळ पाकिटांवरच बोलत बसल्या. बाकीचे दोघं ऐकत होते.

दहा दिवसांनी फोन आला.

निरोपाला मालकांनी शाल, श्रीफळ आणि एक मानपत्र दिलं. मानपत्र मीच घाईघाईत केलं होतं. बाईंनी ते घेतलं, वाचलं आणि मालकांना नमस्कार करून मला हळूच म्हणाल्या की तिसऱ्या ओळीतली अक्षरं एकमेकांना चिकटली आहेत. मुलगी न्यायला आली होती. दोन पिशव्या, एक ट्रंक. गाडी सुटली तेव्हा आम्ही दोघांनीही हात केला नाही, नुसतं पाहत राहिलो.

तिकडे रेंज फारशी नसते. बाई बाजाराच्या गावी आल्या की माझ्या मोबाईलवर एकदम सात-आठ फोटो येतात. मधाच्या बाटल्या, चिंचेची पाकिटं, ती हातात घेऊन उभ्या असलेल्या बायका. बाई स्वतः कुठल्याच फोटोत नसतात. त्यांच्या कॉम्प्युटरवर आता कुणी बसत नाही.

पुस्तकाच्या दोन प्रती बांधल्या होत्या. एक त्या घेऊन गेल्या, दुसरी माझ्या खणात ठेवून गेल्या. मी ती उघडली नव्हती. पान न् पान मीच लावलेलं, त्यात काय बघायचं? परवा दुपारी सिंदेवाहीकडचं एक जोडपं आलं, मुलीच्या नामकरणाचं कार्ड करायला. नमुने दाखवा म्हणाले. मी ते पुस्तक त्यांच्यापुढे ठेवलं. दोघांनी सावकाश शेवटपर्यंत चाळलं. शेवटच्या पानाच्या पाठीवर नवऱ्याचं बोट थांबलं. खाली कोपऱ्यात बारीक अक्षरांत एक ओळ होती. बांधायला देण्याआधी बाईंनी ती स्वतः जुळवून छापली असणार. "मांडणी" असा एक शब्द, आणि पुढे माझं पूर्ण नाव.

"हे तुम्हीच का जी?" त्यानं विचारलं.

मी हो म्हणालो. ते काम मीच केलेलं होतं.