गल्लीच्या पितरांनी पोसलेली गाय

महाराजांनी गावोगाव वाचनालयं काढली. आमच्या दांडिया बाजारातल्या गल्लीला त्याचा फायदा असा झाला, की घरटी एक पुरुष भाषणाला तयार झाला. पांजरापोळात जनावरं मावेनाशी झाली, तेव्हा या सगळ्यांना एकदमच कंठ फुटला. शेजारचे काकासाहेब सुभा कचेरीतून पेन्शनीत निघालेले, गल्लीच्या प्रत्येक सभेचे अध्यक्ष. मुक्या जनावरांच्या हालांवर ते असं बोलले की लोकांनी डोळे पुसले. दुसऱ्या सकाळी त्यांनी स्वतःची भाकड गाय सोडली आणि पांजरापोळाच्या वाटेला लावली. नव्या म्हशीसाठी गोठा रिकामा हवा होता.

तिथल्या मेहताजींनी त्यांना दारातच थांबवलं. "जग्या नथी, काकासाहेब. उभं राहायलाच दाटी, जे बसतं ते उठत नाही. आठवड्याने पाहा, एखादी जागा होईल."

जागा कशी होणार हे काकूंना कुणी सांगावं लागलं नाही. गाय त्यांनी वासरापासून वाढवलेली. त्या माझ्या स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणाल्या, "अगं, तुझं डोकं चालतं. काहीतरी कर. तिथे गेली तर ती जगायची नाही."

मी गल्लीमागच्या कडुनिंबाखाली गाय बांधायचं ठरवलं आणि घरोघरी चाऱ्याची पाळी मागितली. कुणीही नाही म्हटलं नाही. फक्त प्रत्येकाने एकादशीच मागितली, पुण्य त्या दिवशी जास्त म्हणून. एकादशीला गायीचं पोट नगाऱ्यासारखं फुगलं, द्वादशीला तिच्यापुढे काडी नव्हती.

काकासाहेब खूश. "हे घरगुती कारभार टिकत नसतात, वहिनी. मी मेहताजींना पुन्हा विचारतो."

मग मी पुन्हा घरोघरी गेले आणि एवढंच विचारलं: तुमच्याकडे कोण कुठल्या तिथीला गेलं? पितरांच्या तिथीला गोग्रास नाकारण्याची छाती कुणाची? श्राद्ध वर्षातून एकदा असलं तरी तिथी दर पंधरवड्याला येते, हे मीच त्यांना समजावलं.

"सासूबाईंना आता महिन्यातून दोनदा वाढू?" समोरची म्हणाली. "होत्या तेव्हाही एवढं केलं नाही."

"कडबा वाढायचाय, पुरणपोळी नाही."

जिवंत माणसांत सापडले नाहीत तेवढे दिवस मेलेल्यांत सापडले. चतुर्थी तेवढी रिकामी राहिली. एकाने अंथरुणाला खिळलेल्या मामांसाठी ती राखून ठेवायला सांगितली, मग बायकोने डोळे वटारल्यावर नुसतं सुचवलं म्हणाला.

"म्हणजे राहिलंच," काकासाहेब समाधानाने म्हणाले. "एक दिवस उपाशी ठेवण्यापेक्षा पांजरापोळ बरं."

"चतुर्थी माझी," काकू म्हणाल्या.

"तुझ्या माहेरचंही कुणी चतुर्थीला गेलेलं नाही."

"मी जाईन ना कधीतरी. मागाहून तुम्ही माझी तिथी पाळाल याचा काय भरवसा? माझा गोग्रास मी आत्ताच घालते."

काकासाहेबांनी पागोटं काढून मांडीवर ठेवलं आणि त्या दिवशी कुठलाच ठराव मांडला नाही.

गाय कडुनिंबाखाली राहिली. पुढच्या आठवड्यात मेहताजींचा निरोप आला, जागा झाली आहे. काकूंनी उलट निरोप धाडला, "ती जागा तशीच राहू द्या. आतलं एखादं तरी जनावर पाय पसरून बसेल."