तिरेसाची जागा

तिरेसा चुलीपाशी कच्ची केळी सोलत बसली होती. मधुमेहानं गुडघ्याखालचा पाय नेला, तेव्हापासून सामोआतल्या त्या घरातली बैठी कामं तिच्याकडेच आली होती. तेवढ्यात त्या बिनभिंतींच्या घराच्या खांबावर टकटक झाली. गावातल्या बायकांच्या होडीची कप्तान सिएनी बाहेर उभी होती.

"तिरेसा, शनिवारच्या शर्यतीत होडीतली तिसरी जागा तुझी!"

कोको ओतता ओतता सासूबाई थांबल्या. "अगं, एका पायाची सून माझी! पाण्यात पडली म्हणजे?"

"काकू, वल्हं काय पायानं मारतात? वर्षभर रोज पहाटे येते ती आमच्याबरोबर. काल आम्हा दोन पायवाल्यांना धाप लागली, आणि ही बया गाणं म्हणत होती!"

तिरेसा खदखदून हसली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, तरी हसतच राहिली. ह्याच शब्दांसाठी तिनं वर्षभर खांदे दुखवून घेतले होते.

नवऱ्यानं, तावीतानं, टाळ्या पिटल्या. "शनिवारी तुला खांद्यावर घेऊन होडीत बसवतो. बघू दे सगळ्या गावाला!"

"नको रे, उचलू नकोस मला," तिरेसा म्हणाली. "तू फक्त होडी घट्ट धरून ठेव. चढेन माझी मी."