एका ओळीतली आठ भोकं

चालू मशीनवर तळहात ठेवायचा, डोळे मिटायचे आणि म्हणायचं, "हलतंय." कोल्हापूरच्या उद्यमनगरात ज्याची कधीकाळी शेड होती, त्याने मिस्त्रीचं हे 'हलतंय' ऐकलेलं असणारच. मग खिशातून पान्हा निघायचा. माणूस बुटका, काळा आणि मुलखाचा हट्टी. त्याच्या शेजारी माझं लेथ. वीस वर्षं आम्ही एकाच किटलीतला चहा प्यालो.

पुतण्याच्या लग्नात नवरदेवाचा पाट डुगडुगतो म्हणून या गृहस्थाने अक्षता थांबवल्या होत्या. भटजी मंगलाष्टकात आणि हा पाटाखाली! "दोन मिनिटं की ओ. जन्माचं उभं ऱ्हाणं हाय!"

आई लहानपणीच गेलेली. थोरल्या बहिणीने, आक्काने, त्याला वाढवलं. नवरा वारल्यावर आक्का पंचगंगेकाठच्या गावात एकटीच राहायची. दर सोमवारी एसटीने यायची, भाकरीचं गठुळं त्याच्या बाकावर ठेवायची आणि "जेवलास का?" विचारून परत जायची. पन्नाशीचा मिस्त्री शाळकरी पोरासारखा मान डोलवायचा.

२००५च्या महापुरात त्या गावाला पाण्याने वेढलं. निरोप आला की आक्का माळ्यावर चढून बसली आहे आणि शेजारची पाच माणसंही तिच्याकडेच आहेत. भिंती मातीच्या. आणखी किती तग धरणार? सरकारी बोट मागायला गेलो, तर आमच्याआधी दहा गावं रांगेत.

मासे धरणाऱ्या एका भोयाने आपली लाकडी नाव देऊ केली, पण त्या धारेपुढे वल्ह्यांचं काही चालेना. मिस्त्रीच्या शेडमध्ये धरणावरच्या मासेवाल्यांच्या बोटींच्या दोन मोटारी दुरुस्तीला आल्या होत्या. नावेच्या मागच्या फळीला बाहेरून टांगायच्या. वर इंजिन, खाली पाण्यात पंखा.

"एकच बशीव की," भोई म्हणाला.

"वाटंत सगळा ऊस बुडालाय. एका पंख्यात पाला गुतला तर दुसरा नगं?"

मोटारींना स्वतःचे आवळायचे स्क्रू होते. मिस्त्रीने हात ठेवला. "हलतंय." मग फळीला आतून-बाहेरून लोखंडी पट्टी लावून आरपार बोल्ट टाकायचे ठरले. आठ भोकं, एका सरळ ओळीत. खुणा त्याच्या, ड्रिल माझं.

"मिस्त्री, फळी हाय ती, लोखंड न्हवं," भोई पुटपुटला.

"बोल्ट ढिला झाला तर नाव बदल माझं!"

मी हसलो. आजही ते हसू आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते. आम्ही दोघं लोखंडातली माणसं. लोखंडाला कुठेही भोक पाडा. लाकूड मात्र आपल्या शिरेच्या रेषेत चिरतं, त्या रेषेत ओळीने भोकं पाडली की तिथेच फाटतं, हे कुठल्याही सुताराने सांगितलं असतं. सुताराला विचारायची आम्हाला गरजच वाटली नाही.

नावेत सातच माणसं मावायची; मिस्त्री बसला असता तर येताना एक माणूस कमी आलं असतं. म्हणून तो रस्ता बुडाला होता तिथेच थांबला. भोई आणि त्याचा भाऊ गेले, तासाभराने पाच जणांना घेऊन आले. त्यांत आक्का नव्हती.

"बाळंतिणीला आन् म्हाताऱ्यास्नी आदी न्या म्हणाल्या," भोई म्हणाला. "आन् तू जेवलास का, इचारलंय."

दुसरी खेप एकट्या आक्कासाठी होती. नाव अर्ध्यावर गेली आणि एका मोटारीचा आवाज बंद पडला. मिस्त्रीने माझा दंड धरला. "बघ, दुसरी चालू हाय!" तेवढ्यात उसात अडकलेल्या पंख्याने हिसका दिला आणि मागची फळी भोकाभोकांतून आडवी फाटली. बोल्ट एकही ढिला झाला नव्हता. फळीच दोन्ही मोटारी घेऊन बुडाली आणि मागून उघडी पडलेली नाव पाण्याने भरली. ते दोघे भाऊ बाभळीला धरून वाचले. मिस्त्री छातीएवढ्या पाण्यात शिरला होता. चौघांनी ओढून काढला. तो नुसता पुढे जायचं बघत होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी लष्कराची बोट गावात पोचली. घर बसलं होतं. आक्का आत होती.

पुढे वर्षभर तो चहाला एकच विचारायचा, "भावा, भोकं वरखाली पाडली असती तर?"

"तरी तुटलीच असती. जुनी होती फळी," मी म्हणायचो. मला खरंच माहीत नव्हतं. माहीत करून घ्यायची हिंमतही नव्हती.

एका सकाळी तो तसल्याच लाकडाच्या दोन जुन्या फळ्या घेऊन आला. एकीला आठ भोकं ओळीत, दुसरीला वरखाली. माझ्यासमोर पहिलीवर घण घातला. दुसऱ्या घावाला चिरली. मग दुसरी घेतली. मी "मिस्त्री, बास की" म्हणत राहिलो आणि तो मारत राहिला, हात उचलेना तोवर.

"टिकली असती, भावा," तो म्हणाला.

त्याने शेडला कुलूप घातलं आणि किल्ली माझ्या हातात दिली. पुन्हा तो उद्यमनगरात आला नाही.