कोंबड्यांना घातलेल्या गोळ्या

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. मुलाला नाही, शेजारणीला नाही. देवाला ठाऊक असेल, तर तोही माझ्यासारखाच गप्प बसलाय.

सांधे धरले होते माझे. जव्हारच्या डॉक्टरने आठवड्यातून एकदाच घ्यायची गोळी दिली, आणि तिच्या जोडीला एक छोटी पिवळी. ती पाहून माझं डोकंच फिरलं. आमच्या साखरशेतात आशाताई पोटुश्या बायांना देते, तीच की ही — माझी सून कमल हीच खायची. केस पिकलेल्या बाईने ती खायची? पाड्यावर हसू नाही का होणार? मोठी लाजरी नवरी लागून गेले होते मी. कोंड्यात मिसळून त्या पिवळ्या गोळ्या कोंबड्यांना घातल्या. कोंबड्या ठणठणीत राहिल्या.

तोंड आलं ते माझं. जीभ सोलल्यासारखी, नागलीची भाकर गिळेना. मग खापर कुणावर फोडायचं? चूल कमल फुंकत होती.

"आई, मिरची घातलीच नाही. चाखून दाखवू?"

"मग काय घातलंस?" — हे मी मुद्दाम मोठ्याने विचारायचे, शेजारी ऐकू जाईल असं. कळतंय ना, काय सुचवत होते? पाड्याला बरोबर कळलं.

पुन्हा दवाखान्यात गेले. डॉक्टर चिडला — आजी, सांध्याची गोळी अंगातलं फोलिक कमी करते, म्हणून तर पिवळी दिली होती. ती टाकलीत, म्हणून तोंड सोललं.

घरी आले. मुलगा ओट्यावर, कमल दारात, तिच्या कडेवर पोर. काय म्हणाला डॉक्टर, मुलाने विचारलं. एका वाक्याचं काम होतं — आणि मी काय बोलले? "पोटात काहीतरी गेलंय म्हणतो."

त्याने तिला तशीच पोशेऱ्याला माहेरी घालवली. पोरीसकट. मी अडवलं नाही. चोरून पिवळी गोळी खाऊ लागले, तोंड बरं झालं. पाडा म्हणाला — बघा, सून गेली आणि सासू सुधारली. त्या सासूचं थोबाड फोडावंसं वाटतं मला. रोज वाटतं. पण ते थोबाड माझंच, आणि त्याला मी अजून रोज तिखट चारते.

मागच्या बाजारात कमल भेटली. मान खाली घालून निघाले होते, तिनेच हाक मारली.

"आई, तोंड बरं आहे ना आता?"

बरं आहे, मी म्हणाले. आणि जीपमध्ये जाऊन बसले.