साडूंचा काचेतला समुद्र

माझ्या साडूंइतका भाव न करणारा माणूस उभ्या वसईत दुसरा नसेल. होळीच्या बाजारात भाजीवालीने किंमत पुरती सांगायच्या आत यांचा हात खिशात. एकदा तीच बिचारी म्हणाली, "काका, थोडं तरी कमी करायला सांगा, मला चैन पडायचं नाही." साडूंचं म्हणणं असं की, किंमत पाडून आणलेली वस्तू मनापासून काम करत नाही. हे ते माझ्याकडे बघून म्हणत. मी हातगाडीवर बल्ब विकत दुकानापर्यंत आलेला माणूस. घासाघीस केल्याशिवाय घेतलेली वस्तू मला माझी वाटतच नाही.

दोन हजार सालाच्या सुमारास या गृहस्थांनी बैठकीच्या खोलीत समुद्र मांडला. भली मोठी काचेची टाकी, तीत जिवंत प्रवाळं आणि नारिंगी माशांची जोडी. पाणी भुईगावच्या किनाऱ्यावरून कॅनमधून यायचं, आणि रिक्षावाल्याला सूचना अशा, की मागे बाळंतीण बसली असावी. अत्तर लावून आलेल्या पाहुण्याला टाकीपासून लांब, दाराजवळची खुर्ची मिळे. टाकीतलं सगळं सामान पुऱ्या किमतीचं. फक्त पाणी फिरवणारा पंप मी आणलेला, निम्म्या भावात.

मग प्रवाळं मरू लागली. एकेकाचा रंग उडून नुसता पांढरा सांगाडा उरायचा. साडूंनी पाणी बदललं, दिवे बदलले, जेवण जवळजवळ सोडलं. शेवटी एकच जांभळं झुडूप जिवंत राहिलं. तेव्हा मेव्हण्याच्या मुलीच्या साखरपुड्यात, भरल्या पंगतीत ते शांतपणे म्हणाले, "यांच्या पंपातून लोखंड सुटतंय. निम्म्या किमतीत आणखी काय मिळणार?" माझा घास हातातच राहिला. दुकानदाराच्या मालाला चारचौघांत विष म्हणायचं!

दुसऱ्या सकाळी मी हत्यारांची पिशवी घेऊन त्यांच्या दारात. पंप उघडून एकेक भाग टेबलावर मांडला. गंजाचा ठिपका नाही. साडू मान हलवेनात. मग मी हीटर काढला, नळ्या काढल्या, क्लिपा काढल्या, सगळं स्वच्छ. "सावकाश, जांभळ्याला धक्का लागेल," एवढंच ते पुटपुटत होते. काचेला आतून शेवाळ पुसायचं चुंबक चिकटलेलं होतं. त्यांच्या धाकट्या भावाने मस्कतहून पाठवलेलं, साडूंचं अत्यंत लाडकं.

"त्याला हात लावू नका. परदेशी माल आहे."

मी लावला. उलटं केलं. प्लास्टिकच्या कवचाला केसाएवढी चीर, आणि तिच्यातून गंजाचं तपकिरी पाणी माझ्या अंगठ्यावर ओघळलं.

वाटेत घोकलेली सगळी वाक्यं माझ्या तोंडाशी आली होती. साडू अंगठ्याकडेच बघत होते.

"प्रवाळं कोमेजली तसतसा मी काच जास्त पुसायला लागलो," ते म्हणाले. "त्यांना उजेड मिळावा म्हणून."

मी वाक्यं गिळली.

जांभळं झुडूप वाचलं नाही. माझ्या पंपाची माफी साडूंनी आजतागायत मागितलेली नाही, हे मी विसरलेलो नाही. त्यांनी पुन्हा प्रवाळं आणली नाहीत. नुसते मासे, नुसतं फिरतं पाणी. मी गेलो की ते माझी खुर्ची टाकीजवळ सरकवतात. काच थोडी हिरवट झालेली असते, पण आम्ही दोघंही ती पुसायला उठत नाही.