चेन कुठे मिळते

झाडं तोडणाऱ्या त्या माणसाला सगळे खार म्हणायचे. अंगाने चांगला आडवा, पण कमरेला दोर बांधला की सरसर शेंड्यापर्यंत जायचा. दोराचं दुसरं टोक खाली त्याच्या बायकोच्या हातात. सव्वीस वर्षं दोघांनी असंच काम केलं. नवऱ्याला बांधून कसं ठेवावं ते हिच्याकडून शिका, अशी लोक थट्टा करायचे आणि तीही हसायची.

हिवाळ्यात तिची छाती भरली आणि तीन आठवड्यांत ती गेली.

दोन महिने त्याने करवतीच्या मशीनला हात लावला नाही. पण घर खायला उठायचं. शाळेच्या आवारातलं वाळलेलं झाड पाडायचं काम आलं, तसं त्याने ते घेतलं. दोर धरायला मेहुणा येणार होता. आदल्या दिवशी सकाळी मशीन चालवून पाहिलं, तर त्याची दातेरी चेन तटकन तुटली.

तेव्हा कुठे त्याच्या लक्षात आलं, की चेन कुठे मिळते हेच आपल्याला ठाऊक नाही. तेल, प्लग, चेन, सगळं तीच बघायची. तो फक्त हात पुढे करायचा.

पहिल्या दुकानदाराने विचारलं, "पट्टी किती इंची? कड्या किती?"

खार हातातल्या तुटक्या चेनकडे बघू लागला.

"मशीन तुमचंच ना?"

दुसऱ्या दुकानात नुसत्या हातकरवती होत्या. तिथल्या नोकराने त्याला पंप दुरुस्तीच्या दुकानात पाठवलं. काउंटरवरच्या बाईने तुटकी चेन कड्या न मोजताच ओळखली.

"काकूंच्या मशीनची. त्या नाही आल्या?"

"तिला जरा बरं नाही." तोंडातून तेच निघालं.

बाई चेन काढायला वळली नाही. "काका, रागावू नका. मागच्या वेळी काकू म्हणाल्या, ही शेवटची. हे स्वतः मागायला आले तरी देऊ नकोस. काकूंच्या बोटांत जोर राहिला नव्हता ना. दोर निसटेल या धास्तीने झोप लागत नाही म्हणायच्या."

"मग दुसरा माणूस ठेवला असता मी."

"मीही तेच म्हटलं. तर म्हणाल्या, दुसऱ्याच्या हातात मी यांना देणार नाही."

खार काउंटर धरून उभा राहिला. "ती गेली गं," तो म्हणाला. "दोन महिने झाले."

बाईने त्याला स्टुलावर बसवलं, पाणी दिलं. चेन त्याने मागितली नाही, तिने दिली नाही.

घरी येऊन त्याने मुलीला फोन लावला. "आईचे हात दुखायचे, तुला माहीत होतं?"

"हो बाबा. माहेरी आले की मीच शेकून द्यायचे."

"मला का नाही सांगितलं?"

"आई म्हणायची, त्यांना कळलं तर वर चढताना पाय लटपटतील."

त्याने शाळेत जाऊन काम नको म्हणून सांगितलं, मशीन मेहुण्याला देऊन टाकलं. पुन्हा तो झाडावर चढला नाही. आता लाकडाच्या वखारीत फळ्या मोजतो. जेवणाच्या सुट्टीत आपलेच पंजे उलटेपालटे करून बघत बसतो. कुणी विचारलंच, तर काही नाही म्हणतो.